ती सिस्टरशीच बोलायची

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात पेनाचं टोक टेकवलं. "हा पॅच दिसतो? पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस आहे. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. तीन महिने तरी भरती ठेवावं लागेल."

हे त्यांनी मला सांगितलं. जिचं फुप्फुस होतं, ती माझी बायको बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. तिला आत बोलवावं असं त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही. मी बाहेर आलो, खांबाकडे पाहत म्हणालो, "खोकला जुना आहे. राहा लागते इथं." तिने मान हलवली आणि पिशवी उचलली. तिच्या आजाराचं नाव तिला पुढे आठ दिवसांनी कळलं, तेही माझ्याकडून नाही. ज्या बाईने सांगितलं, तिच्यावर मी पुढची कितीतरी वर्षं जळत होतो. हे लिहितानाही ती जळजळ पुरती विझलेली नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पवनीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान. थोरल्या भावाला गल्ल्यावर बसवून आणि मुलीला, विमलला, आईजवळ ठेवून आम्ही भंडाऱ्याला आलो. तिथे माझी मावशी राहायची. मी तिच्याकडे झोपायचो, सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायचो आणि संध्याकाळी परतायचो. ज्यांच्या घरात आज कोणाला असं लांबचं दुखणं आलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्यासारखं वागू नका, एवढंच सांगायचं आहे. पण ते पटण्यासाठी मी कसा वागलो ते सगळं सांगावं लागेल.

टी.बी.च्या वार्डात बायकांच्या बाजूला पंधरा खाटा होत्या. आमची अकरा नंबरची, खिडकीपासून दुसरी. रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन कमरेत घ्यायचं आणि सोबत गोळ्या. हे औषध क्षयाच्या जंतूला मारतं. त्या काळी त्याच्याशिवाय इलाज पुरा होत नसे. पहिल्या दोन आठवड्यांत ताप उतरला. तिसऱ्या आठवड्यात खोकल्याची उबळ कमी झाली, तोंडावर थोडं तेज आलं. मी पवनीला पत्र टाकलं की फायदा आहे, काळजी करू नये.

आता आमच्या बोलण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं.

आमच्या घरात चारचौघांत नवरा बायकोच्या तोंडाकडे पाहून बोलत नाही. वडिलांनी कधी केलं नाही, भावाने नाही, मीही नाही. पाणी हवं असेल तर उंबरठ्याकडे पाहून "पाणी" म्हणायचं. जेवायला वेळ होत असेल तर पोरीला सांगायचं, "विमल, तुझ्या मायले विचार, झालं का?" माय तिथेच दोन हातांवर असायची आणि उत्तरही पोरीलाच द्यायची. नावाचा तर प्रश्नच नव्हता. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एकटे असलो तरी सवयीने मी दाराकडे बघूनच बोलायचो. यात राग नव्हता, दुरावाही नव्हता. अकरा वर्षं संसार झाला आणि एकदाही मोठं भांडण झालं नाही. मला वाटायचं, हेच सुख.

वार्डात तर पंधरा बायका, त्यांच्या सासवा, त्यांच्या माया. तिथे मी आणखीच अवघडायचो. खाटेजवळच्या स्टुलावर बसायचो ते खिडकीकडे तोंड करून. बाहेर एक कडुनिंब होता. त्या कडुनिंबाला मी "डबा खाल्ला का?" असं विचारायचो आणि मागून "हो" यायचं.

आणि लांजेवार सिस्टर? त्या सरळ खाटेच्या काठावर बसायच्या. नाडी धरायच्या, तोंडाकडे पाहायच्या आणि बोलत राहायच्या. लाखांदूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. तिशी नुकतीच ओलांडलेली असेल. आवाज खणखणीत, हात कामाचे. औषधाची गाडी ढकलत आल्या की दहा नंबरच्या म्हातारीला "काय वो आजी, आज तं राणीसारखी बसून राहिली!" म्हणायच्या, आणि मग आमच्या खाटेशी टेकायच्या. इतर खाटांशी दोन मिनिटं, आमच्या खाटेशी पाच. मी मोजायचो.

माझी बायको त्यांच्याशी बोलायची. नुसती बोलायची नाही, हसायची. अकरा वर्षांत तिचं हसू मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं, तोंडासमोर हसताना पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्या बाईसाठी.

एके दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, अंबाडीची भाजी आणत नका जाऊ. यायले चालत नाही ते, छातीत जळजळते. पेज आणा, पातळ भात आणा."

मी म्हणालो, "तिले आवडते अंबाडी."

"तुमाले आवडते," सिस्टर म्हणाल्या. "त्या खातेत म्हणून तुमाले वाटते."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू! अकरा वर्षं माझ्या घरात अंबाडी शिजली आणि ही वीस दिवसांची ओळख मला शिकवते! पुढे कळत गेलं की सिस्टरना आणखीही बरंच ठाऊक होतं. बायको माहेरी कोंढ्याला असताना गावतलावात पोहायची, मुलांच्या पुढे निघून जायची. तिला काळोखाची भीती वाटत नाही, पण मांजराची वाटते. विमलच्या पाठचं मूल गेलं तेव्हा ती तीन महिने रोज दुपारी मागच्या परसात जाऊन रडायची. हे शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलं, वऱ्हांड्यात उभा असताना. मी तेव्हा दुकानात असायचो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी डबा तसाच हातात घेऊन परत फाटकापर्यंत गेलो आणि चहा पिऊन आलो.

तिला तिच्या आजाराचं खरं नावही सिस्टरनीच सांगितलं. मी जाब विचारला तर म्हणाल्या, "ज्याचं दुखणं त्याले माहीत नको? गोळ्या तिले घ्याच्या आहेत, तुमाले नाही." त्याने माझा राग दुप्पट झाला.

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट सुरू झाली. मी कडुनिंबाकडे पाहून विचारायचो आणि मागून उत्तर येईनासं झालं.

"डबा खाल्ला का?" काही नाही. "विमलचं पत्र आलं." काही नाही. एकदा मी तिरप्या नजरेने पाहिलं तर ती शांतपणे साडीच्या काठाचा दोरा ओढत बसली होती, जणू मी तिथे नव्हतोच. थोड्या वेळाने सिस्टर आल्या, समोर बसल्या, काही विचारलं, आणि ही लगेच बोलायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, झालं! आता नवऱ्याची गरज संपली. शहराची हवा लागली. सिस्टरने काहीतरी शिकवलं हिला. मी मावशीकडे जाऊन न जेवता झोपलो, आणि मावशीने विचारलं तर डोकं दुखतं असं सांगितलं.

बायकोशी मी एका शब्दाने याविषयी बोललो नाही. बोललो असतो तरी कडुनिंबालाच सांगितलं असतं, म्हणा.

सहाव्या आठवड्यात, सकाळच्या राउंडला, डॉक्टरसाहेब आमच्या खाटेशी थांबले. हा माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. बायकांची बाजू, पुरुषांची बाजू, वर बाहेरचे पेशंट, सगळं एकट्याच्या अंगावर. खाटेशी येऊन ते नातेवाइकाला विचारायचे, "काय, कसं आहे?" नातेवाईक सांगायचा, "बरं आहे साहेब." ते पुढे सरकायचे. बायकांच्या बाजूला तर हीच रीत पक्की होती. बाईच्या वतीने नवरा बोले, नसला तर सासू. बाई पदर सावरून खाली पाहत असे.

मी म्हणालो, "एकदम चांगलं आहे साहेब."

"सर, चांगलं नाही," लांजेवार सिस्टर मागून म्हणाल्या. "यांना चक्कर येते. न्हाणीत जाताना भिंतीला हात लावून जातात, पाय फाकवून चालतात. कानात रातकिडे वाजतात म्हणतात, दिवसरात्र. मला वाटतं इंजेक्शनचा त्रास आहे."

डॉक्टरसाहेबांनी तक्ता पाहिला. "व्हर्टिगो अशक्तपणानेही येतो," ते म्हणाले. व्हर्टिगो म्हणजे भोवळ, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटणं. "स्ट्रेप्टोमायसिन मध्येच सोडलं तर रोग उलटतो, सिस्टर. मग ते औषध पुन्हा लागू पडत नाही. उगाच कसं बंद करू?" मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी नीट विचारलं, "तुम्ही रोज जवळ बसता. तुमच्याशी बोलते ना बरोबर? ऐकू येतं ना तिला?"

वाचकहो, इथे थांबा. माझ्या सगळ्या गोष्टीत हा एक प्रश्न होता आणि त्याचं खरं उत्तर वार्डात फक्त मलाच ठाऊक होतं. आठ दिवस ती मला उत्तर देत नव्हती. एवढंच बोलायचं होतं. पण पंधरा खाटांसमोर, त्या सासवांसमोर, आणि मुख्य म्हणजे त्या सिस्टरसमोर मी कसं म्हणू की माझी बायको माझ्याशी बोलत नाही? तिच्याशी बोलते, माझ्याशी नाही?

मी मान हलवली आणि म्हणालो, "बोलते ना. सगळं ऐकते."

डॉक्टरसाहेबांनी तक्त्यावर सही केली आणि पुढे गेले. सिस्टर माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मी कडुनिंबाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी सुई भरलीच नाही. "साहेबांनी एकदा कान तपासल्याशिवाय मी हे इंजेक्शन देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि ड्यूटीच्या वहीत तसं लिहूनही ठेवलं. हे करायला किती छाती लागते ते मला आज समजतं. डॉक्टरच्या ऑर्डरला नर्सने नाही म्हणणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी. मला तेव्हा काय दिसलं? मला दिसलं की ही बाई माझ्या बायकोवर माझ्यापेक्षा जास्त हक्क दाखवून राहिली आहे.

मी तडक डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेलो. म्हणालो, सिस्टर औषध देत नाहीत, माझ्या माणसाच्या जिवाशी खेळ चालला आहे, मला दुसरी सिस्टर पाहिजे. आवाज चढवून म्हणालो. दुपारी लांजेवार सिस्टरची ड्यूटी पुरुषांच्या बाजूला लागली. अकरा नंबरला दुसऱ्या एका सिस्टरने इंजेक्शन दिलं, निमूट, वर न पाहता. मी स्टुलावर बसून होतो. मला जिंकल्यासारखं वाटलं.

असे चार दिवस गेले. चार इंजेक्शनं.

त्या चार दिवसांत बायको कोणाशीच बोलली नाही. नवी सिस्टर तक्त्याकडे पाहून बोले, मी झाडाकडे पाहून. मला वाटलं होतं की सिस्टर गेली म्हणजे ती माझ्याकडे वळेल. ती दाराकडे पाहत पडून राहायची. एकदा उठली आणि खाटेच्या कठड्यावर आदळली. मी म्हणालो, "हळू." तिने ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी राउंडच्या वेळी लांजेवार सिस्टर बायकांच्या बाजूच्या दारात उभ्या होत्या. ड्यूटी नव्हती, तरी आल्या होत्या. आमच्या खाटेशी डॉक्टरसाहेब पोचले तसे त्या पुढे झाल्या. "सर, एक मिनिट द्या. मला काही म्हणायचं नाही. यांच्या मालकांनाच एक काम सांगते."

माझी बायको तेव्हा खाटेवर नव्हती. टोकाच्या खिडकीशी, उन्हात, आमच्याकडे पाठ करून केस विंचरत बसली होती. सात-आठ हातांवर.

"भाऊ," सिस्टर मला म्हणाल्या, "त्यायले हाक मारा."

मी म्हणालो, "अवो."

कंगवा चालत होता.

"मोठ्यानं मारा."

"अवो, आयकलं का? विमलची माय!"

दहा नंबरच्या म्हातारीने मान वळवली. समोरची एक सून उठून बसली. कंगवा चालत होता. मला घाम फुटला.

"नाव घेऊन मारा, भाऊ. आपल्या नावाले माणूस झोपेतबी उठते."

मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. त्यांना वाटेना की यात काही अवघड आहे, ते शहरातले. त्यांनी घड्याळ पाहिलं. मला सांगता येत नाही की ते अर्धं मिनिट कसं गेलं. पंधरा खाटांवरच्या बायका, जमिनीवर बसलेल्या सासवा, सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मग मी ओरडलो.

"अनुसया!"

कोणीतरी फस्सकन हसलं. म्हातारीने पदर तोंडात धरला. वार्डाच्या बाहेर झाडणारी बाई आत डोकावून गेली. त्या अख्ख्या दालनात ते नाव ऐकलं नाही असं एकच माणूस होतं, आणि ते शांतपणे केसांतला गुंता सोडवत होतं.

"अनुसया! अनुसया!" मी पुन्हा ओरडलो, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

डॉक्टरसाहेब स्वतः चालत गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. ती दचकली, पदर डोक्यावर ओढून घाईने उठली आणि तोल जाऊन खिडकीच्या गजाला धरून राहिली. डॉक्टरसाहेबांनी तिला तिथेच डोळे मिटून पाय जुळवून उभं राहायला सांगितलं, हाताने खुणा करून. ती पडली असती. सिस्टरनी आधीच मागून दोन्ही हात पुढे धरले होते.

स्ट्रेप्टोमायसिन त्याच क्षणी बंद झालं. डॉक्टरसाहेबांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "याला ओटोटॉक्सिसिटी म्हणतात. औषधाचा विषार कानाच्या आतल्या नाजूक शिरेवर होतो. काहींना होतो, सगळ्यांना नाही. आधी तोल जातो, कानात आवाज येतो, मग ऐकू येणं कमी होतं. जे गेलं ते परत येणार नाही. जे राहिलं आहे ते वाचवू." मग थांबून म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं." मी खाली पाहिलं. ते म्हणाले, "मी तिला विचारायला पाहिजे होतं," आणि आत गेले. त्यांचा मोठेपणा मला तेव्हा दिसला नाही. मी वऱ्हांड्यात भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडलो.

इंजेक्शनच्या जागी दुसरी गोळी सुरू झाली. ती नागपूरहून आणावी लागायची, मीच जाऊन आणायचो. हळूहळू चक्कर कमी झाली. उजवा कान पुरता गेला होता. डाव्याला थोडंफार यायचं. कोणी समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं बोललं तर. चार दिवस आधी औषध थांबलं असतं तर डाव्याला किती राहिलं असतं, हे मी डॉक्टरसाहेबांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

लांजेवार सिस्टर पुन्हा बायकांच्या बाजूला आल्या. माझ्या तक्रारीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणी ऐकवलं असतं, टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझं स्टूल उचललं आणि खिडकीकडून फिरवून खाटेसमोर ठेवलं. "इथं बसा. उजेडाकडे तोंड करा. हळू बोला, ओरडू नका. अन् हे मिशी जराशी कापा, ओठ झाकते."

माझी मिशी बाजारात नावाजलेली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या न्हाव्याकडे मी ती निम्मी उतरवली. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. ते हसू माझ्यासाठी होतं, पण ते मला मिळवून देणारी तीच बाई होती. आभार मानावे की चिडावं, मला कळेना.

खरं सांगायचं तर मत्सर त्यानेही गेला नाही. फक्त जागा बदलली. आधी वाटायचं, ती सिस्टरशी बोलते आणि माझ्याशी नाही. मग वाटायला लागलं, मी अकरा वर्षांत जे पाहिलं नाही ते या बाईने महिन्याभरात कसं पाहिलं? माझ्या माणसासाठी डॉक्टरसमोर उभं राहायचं ते मी, आणि उभी राहिली ती! यावर औषध नाही. ज्यांना असा मत्सर वाटेल त्यांना सांगतो, वाटू द्या, पण डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून देऊ नका.

आणखीही दोन गोष्टी सांगून ठेवतो. राउंडला डॉक्टर तुम्हाला विचारतील. तुम्ही पेशंटकडे बोट दाखवा. बाई असली तर नक्कीच दाखवा. सासूला राग येईल, येऊ द्या. आणि कानात आवाज, भोवळ, चालताना भिंत धरणं, असलं काही दिसलं तर ते अशक्तपणावर ढकलू नका. नर्स दिवसभर पेशंटजवळ असते. ती काही म्हणत असेल तर ऐकून घ्या. ती कोणाचा हक्क हिसकावत नसते.

आम्ही पवनीला परतलो ते चौथ्या महिन्यात. गोळ्या पुढे दीड वर्ष चालल्या. एक दिवस चुकला नाही. एक्स-रेवरचा डाग सुकून पांढरी रेघ राहिली, आणि डॉक्टरसाहेब तिच्याकडे पाहून, तिला दिसेल असं म्हणाले, "बाई, तुमचा क्षय गेला." घरी आल्यावर मी चुलीसमोर पाट घेऊन बायकोच्या तोंडाकडे पाहून बोलायला लागलो, तेव्हा आईने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. बाजारात थट्टा झाली. विमल मात्र खूश होती, तिची निरोप पोचवायची नोकरी सुटली.

लांजेवार सिस्टरची पुढे लाखांदूरला बदली झाली. माझी बायको वर्षातून दोनदा एस.टी.ने तिकडे जाते. सोबत चिवडा नेते, येताना शिंगाडे आणते. मी एसटीपर्यंत सोडायला जातो. "तुमी कायले येता?" असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हापासून मी येतो म्हणत नाही. ती संध्याकाळी परतते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही असतं, ते पाहून माझ्या पोटात अजून दुखतं. दोघी दिवसभर काय बोलत असतील?

त्या चार दिवसांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आठ वर्षं. तिला वाटत असेल की औषधाने कान गेला, नशीब. मी तसंच वाटू दिलं. गेल्या दिवाळीनंतर ती लाखांदूरहून एकदा लवकरच परतली, ओसरीवर बसून पाय चोळत होती. दुपारची वेळ होती, उजेड स्वच्छ होता. का कोण जाणे, मला ते आत ठेवणं अशक्य झालं. अशी गोष्ट माणूस अंधारात, पाठ करून सांगतो. मला ती सोय नव्हती. तिच्यासमोर बसून, एक एक शब्द ओठांवर नीट आणून सांगावं लागलं, की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तू मला उत्तर देत नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. सिस्टरला हटवलं ते मी. चार इंजेक्शनं माझ्यामुळे गेली.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "मले माहीत आहे."

आणि इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "सिस्टरनं सांगतलं?"

"सिस्टर कायले सांगन?" ती म्हणाली. "मी खाटेवरच तं होती. डॉक्टरनं तुमाले काहीतरी विचारलं, तुमी मान हालवली, अन् सिस्टरचं तोंड एवढंसं झालं. मी काही आंधळी नव्हती झाली."

मी तिचा हात धरला. म्हणालो, "मंग तेव्हाच काहून नाही सांगतलं, तुले आयकू येत नाही म्हणून?"

"तुमी मले विचारलं कुठी?" ती म्हणाली, आणि पिशवीतले शिंगाडे काढायला उठून आत गेली.